बिनशिशाचे गळ

रविवार, ७ सप्टेंबर २००३

शेजारच्या सुझाननं आज मला माझ्याच पडवीत झापलं. मला! हिचा बाप आणि मी एकत्र विटीदांडू खेळलोय, हिला लहानपणी शाळेत सायकलवरून सोडलंय मी. आणि कारण काय, तर म्हणे शिसं.

झालं असं. सकाळी मागच्या पडवीत चुलीशी बसून ओतकाम चाललं होतं. रविवारी वसई किल्ल्याच्या धक्क्यावर मुंबईहून रॉडनं मासे पकडणारे हौशी लोक येतात, त्यांना माझे जिग लागतात. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेलं धातूचं डोकं. त्या वजनानं गळ तळाशी जातो, मागे रबराचा मासा लावायचा, हिसके देत ओढायचं, की जिताडा मासा येऊन त्यावर तुटून पडतो. बोरिवलीचा परेश माझं सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक. तोच एकदा म्हणाला होता, "काका, तुम्ही शिशानं केबल सांधणारे, तुम्हीच ओता की." झालं! साचा मी स्वतः कानशीनं घासून केला, भंगारातून जुन्या केबलचं शिसं आणलं, आणि रिटायर झाल्यापासून गिरीज गावातल्या या घरच्या चुलीवर माझा कारखाना सुरू.

तर पळीत शिसं वितळून लखलखत होतं, वर आलेली काळी साय मी चमच्यानं काढून नेहमीसारखी चुलीच्या कडेवर झटकत होतो, आणि ही बाई ड्यूटीवरून थेट मागच्या दारी. मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे ती.

"श्रीपतकाका, तेजूला दिवस गेलेत ना? बाळंतपणाला इथंच येणार ना?"

"मग कुठं जाणार? पहिलं बाळंतपण माहेरीच."

"आणि तुम्ही घरात शिसं वितळवताय? काका, शिशाचा धूर, शिशाची धूळ, सगळी आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाच्या मेंदूत जाते. आमच्याकडे एका बॅटरीवाल्याचं पोरगं यायचं. सहा वर्षांचं झालं तरी आई म्हणत नव्हतं."

मी म्हणालो, "अगं, तीस वर्षं केबल जॉईंटर होतो मी. शिशाच्या नळ्यांवरच जेवलो. मला कुठं काय धाड भरलीय?"

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हल्ली मनगट जरा लुळं पडतं, पळी दोन्ही हातांनी धरावी लागते. साठी उलटल्यावर कुणाचं पडत नाही? ती नुसतं "हिमोग्लोबिन तपासलंय का कधी?" असं विचारून गेली. माझं डोकं असं फिरलं की उरलेलं शिसं पळीतच गोठवून टाकलं. धक्क्यावरही गेलो नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. तसंही पोट साफ होत नाही, तोंडाला सारखी पैसा चाटल्यासारखी चव. ही आमटीत चिंच फार घालते.

सहा वर्षांचं पोरगं, आई म्हणत नाही! हे कसलं भयंकर बोलून गेली ती.

वसुंधराला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी आता धंदा बंद करणार. "बंद करा की. मासं काय कमी पडलेत खाडीत?" मी म्हणालो, बंद कशाला? गळाला वजन हवं, शिसंच हवं असं कुठं आहे? जगात धातू काय एकच आहे? ती म्हणाली, "तुमच्या नादाला कोन लागनार," आणि केळीला पाणी घालायला गेली. (हिच्या खाडीकडच्या माहेरी 'ण' कुणी म्हणत नाही, लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी हिनं काही तो शिकून घेतला नाही.)

ठरलं. तेजू यायच्या आत या घरातून शिसं हद्दपार. आणि जिग बिनशिशाचे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

काय साफसफाई केली म्हणता! शिशाच्या सगळ्या कांड्या, तुकडे, पळी, चमचा, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. ओतकामाचे कपडे जाळले. पडवीची जमीन टीचभर खणून ती माती पार वाडीबाहेर खाजणाच्या दलदलीच्या कडेला नेऊन पुरली, नवीन माती आणून चोपली. भिंतींना चुना. साचा सोड्यानं उकळून तीनदा घासला. सुझान कुंपणावरून बघत होती. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

वसुंधरानं चूल सारवली, वरून गेरूचा हात फिरवला. लेक येणार म्हणून कडेला खडूची वेलबुट्टीसुद्धा काढली. चूल आईच्या हातची आहे, अंघोळीचं पाणी अजून तिच्यावरच तापतं. तिला काय करायचं? अग्नी सगळं शुद्ध करतो. रोज पेटणाऱ्या वस्तूइतकी स्वच्छ दुसरी वस्तू घरात नसेल.

आता घरात शिसं औषधालाही नाही. आज झोप छान लागेल.

रविवार, १४ सप्टेंबर

धक्क्यावर तोंडघशी पडलो.

लोखंडाचा कीस एम-सीलमध्ये मळून त्याची डोकी केली होती. दिसायला झकास. परेशनं पहिलाच जिग टाकला, तो खडकाला आपटला आणि अंड्यासारखा फुटला. नुसता गळ वर आला. सगळे हसले. दुसऱ्या माणसानं घेतलेला फुटला नाही, पण दुपारी पाण्यातून वर आला तो गंजून तांबारलेला.

पितळी नट वापरून पाहिले. जडपणा आहे, पण नट दोऱ्यात ओवून गळावर टेकवावा लागतो, हिसका दिला की घसरतो. पितळ ओतावं म्हटलं तर आमच्या चुलीच्या आवाक्यात ते नाही. बेअरिंगच्या गोळ्यांना भोक पाडता पाडता माझी दोन ड्रिलं मोडली. परेश म्हणाला, "काका, शिसंच बरं. एवढं टेन्शन कशाला घेता?" मी त्याला म्हणालो, तुझी बायको गरोदर झाली की मग माझ्याकडे ये. जरा जास्तच मोठ्यानं बोललो बहुतेक. हल्ली मला फार पटकन राग येतो, वसुंधराही तेच म्हणते आणि तिच्या म्हणण्याचाही मला राग येतो.

शनिवार, २० सप्टेंबर

आज जस्त. वापरलेल्या सेलची टरफलं सोलून, घासून वितळवली. बाप रे! शिशाच्या दुप्पट लाकूड जाळावं लागलं. साच्यात जरा ओल राहिली असावी, ओतल्याबरोबर फाट्‌कन उडालं आणि माझ्या कानाला चाटून जाऊन चुन्याच्या भिंतीला चिकटलं. मी पाटावर बसल्या जागी गार. डोळा गेला असता.

जे ओतले गेले ते दिसायला ठीक. पण गळाला बोटानं दाबलं तर तो सरळ झाला! एवढ्या उष्णतेनं गळाच्या पोलादाचं पाणीच उतरलं. जिताडा तो गळ दातकोरणं म्हणून वापरेल.

वसुंधरानं हळद आणून दिली आणि म्हणाली, "हात दाखवून अवलक्षन."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सापडलं! कथील! भांड्यांना कल्हई लावतात ते कथील. चुलीवर सहज वितळतं, गळाचं पाणी जात नाही, विषारी नाही. पिढ्यान् पिढ्या आपण कल्हईच्या भांड्यात जेवलोय. शिशापेक्षा हलकं आहे, म्हणून डोकं थोडं मोठं करावं लागेल, साचा कोरून घेईन.

पण आज जे घडलं त्यानं मी हादरलोय. मुंबईच्या धातुबाजारातून 'एक नंबर शुद्ध कथील' म्हणून कांडी आणली. घरी येऊन बघतो तर हाताला लागतं मऊ. कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ. तीस वर्षं या रेघा बघितल्यात मी. शिसं! निम्मं तरी शिसंच! तोंडावर हसून, देवाची तसबीर मागे लावून, हा माणूस लोकांच्या भांड्यांना विष विकतोय. उद्या याच कांडीनं कुणाच्या ताटाला कल्हई होईल, त्यात कुणाचं पोर जेवेल. माणसं अशी कशी असतात? आपल्या हातानं दुसऱ्याच्या लेकराला विष देताना यांचा हात कापत नाही?

उद्या पुन्हा जातो. खरं कथील ओळखायची खूण मला ठाऊक आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

त्या दुकानदाराशी भांडलो, लोक जमले. पुढच्या गल्लीत खरा माल मिळाला. कांडी कानाशी धरून वाकवली की आतून कुरकुरते, पापड मोडल्यासारखी. कागदावर रेघ नाही. दुकानदार आ वासून बघत राहिला.

घरी येऊन वसुंधराच्या कानाशी वाकवून दाखवली. ती म्हणाली, "हे रडतंय." मी म्हणालो रडू दे, पण खरं रडतंय.

एवढी पारख मुंबईत किती जणांना असेल?

बुधवार, ८ ऑक्टोबर

तेजू आली. पाचवा चालू आहे, एवढ्या लवकर यायची रीत नाही, पण विरारच्या त्यांच्या फ्लॅटला टँकरचं पाणी, तिसरा मजला, आणि जावई अल्पेशची रात्रपाळी. शिवाय पोरीला उलट्या थांबेनात. अल्पेशनंच आणून सोडली. गुणी मुलगा आहे. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या स्वाधीन."

मी त्याला सगळं घर फिरवून दाखवलं. नवी जमीन, चुना, कथलाचे जिग. तो सारखा "ग्रेट, बाबा" म्हणत होता. सुझान पण आली, तिनं पडवी बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतकं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज हसून हसून पुरेवाट. तेजूला डोहाळे लागलेत, कशाचे म्हणाल? मातीचे! सकाळी मी अंघोळीचं पाणी उतरवायला गेलो तर ही बया चुलीशी उकिडवी बसून वास घेतेय. पाणी शिंपडल्यावर तापल्या मातीचा वास येतो तो. लाजून लाल झाली. म्हणाली, "बाबा, हसू नका, मला रडू येईल. रोज वाटतं, एकदा तरी खाऊन बघावी."

वसुंधरा म्हणाली, तिच्या वेळेला तीही खायची, तिची आई पण. पोटुशी बाईला भाजकी माती लागतेच, आणि डोहाळे अपुरे ठेवले तर पोराच्या तोंडातून लाळ गळत राहते. अंगणातली नको, कोंबड्या फिरतात. चुलीची बरी, खरपूस आणि शुद्ध.

मग मीच सुरीच्या टोकानं कडेचा एक खडा काढून दिला. कडेची माती जास्त भाजलेली असते. तिनं डोळे मिटून चघळली. लहानपणी बोरकूट खायची तशी. "काय मस्त लागते, बाबा. गोडसर."

लेकीची हौस पुरवण्यासारखं सुख नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळी खरी आज झाली! कथलाच्या जिगवर परेशनं जिताडा काढला. असा की उचलायला दोघं लागले. सगळा धक्का गोळा झाला. गंमत अशी की कथील खडकावर आपटलं की टणटण वाजतं, शिसं नुसतं बद्‌कन पडतं. परेश शपथेवर सांगतो की आवाजानंच मासा आला. डोकं हलकं असल्यामुळे हळू बुडतं, माशाला गिळायला वेळ मिळतो. मी तर आधीपासून म्हणत होतो!

परेशनं डोक्याकडचा मोठा तुकडा तेजूसाठी दिला. वसुंधरानं आंबट-तिखट कालवण केलं. तेजू दोन घास खाऊन उठली, पोट दुखतंय म्हणाली. त्यावर एक खडा मागितला. आता रोज सकाळी माझ्याकडे हात पुढे करते, देवळात तीर्थाला करतात तसा. चुलीची कड कुरतडल्यासारखी दिसते. वसुंधरा दर शनिवारी तिथलीच पडलेली माती भिजवून लिंपते आणि म्हणते, "चूल नाही, नातवाचा खाऊ आहे हा."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तेजूचं पोट दुखायचं थांबत नाही. शौचाला होत नाही. बापावर गेलीय, म्हणालो, आमच्या घराण्याचंच पोट तसलं. ती हसली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, बोललं की वस्सकन अंगावर येते. अशी नव्हती माझी पोर.

परेश नव्या ऑर्डरसाठी आला. त्याचं नाव मला आठवेना. "अरे... हे..." करत राहिलो. त्यानं विषय बदलला.

सोमवार, १ डिसेंबर

वसईच्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दुप्पट केल्या, तरी रक्त वाढण्याऐवजी कमी झालंय. त्या चक्रावल्या आहेत. बाळ वजनाला लहान वाटतंय म्हणाल्या. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो, दारातून ऐकलं.

संध्याकाळी सुझान आली. तेजूच्या पापण्या उलटून बघितल्या, हिरड्या बघितल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाली, "काका, शिशाची टेस्ट करू या."

माझा तोलच गेला. म्हणालो, या घरात शिसं नावाला नाही! तू स्वतः बघितलंयस! मी धातूवाल्याशी भररस्त्यात भांडलोय शिशापायी! ती शांतपणे म्हणाली, "मग टेस्ट नॉर्मल येईल. तुमची पण करू."

माझं काय करायचंय? तेजूची करा म्हटलं. करा आणि गप्प बसा.

शुक्रवार, १२ डिसेंबर

बेचाळीस.

दहाच्या आत हवं असतं. माझ्या तेजूच्या रक्तात शिसं बेचाळीस. कागद मुंबईहून आला, सुझाननं वाचला, मी तिच्या हातातून ओढून घेतला. पुन्हा वाचला. तोच आकडा.

असं होऊच शकत नाही. हे दुसऱ्याच कुणाचं रक्त असेल.

शनिवार, १३ डिसेंबर

दुसऱ्या कुणाचं नाही. सुझाननं फोन करून खात्री केली.

सकाळपासून घर पालथं घातलं. कुंकू, काजळ, पाण्याची नळी, स्वयंपाकाची पातेली. सगळ्या भांड्यांची कल्हई खरवडून कागदावर ओढून बघितली. कुठंही रेघ नाही. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. विरारचा फ्लॅट! लग्नानंतर अल्पेशनं सगळ्या खोल्यांना रंग दिला होता. रंगात शिसं असतं!

त्याला फोन लावला आणि नाही नाही ते बोललो. माझ्या लेकीला विषाच्या खोलीत ठेवलंस, म्हणालो. तो बिचारा नुसता "बाबा, बाबा" करत होता. शेवटी म्हणाला, "पण बाबा, ती दोन महिने तुमच्याकडेच आहे ना?" मी फोन आपटला.

तेजू उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मग सवयीनं हात पुढे केला, मी खडा काढून दिला.

सोमवार, १५ डिसेंबर

लिहिता येत नाही. हातही धड चालत नाही. पण लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवलं. मी, वसुंधरा, तेजू, रजा टाकून आलेला अल्पेश. एकेक विचारत गेल्या. काजळ? नाही. जुना रंग? नाही. आयुर्वेदिक भस्म? नाही. मी प्रत्येक उत्तर तेजूच्या आधी देत होतो. मग त्यांनी मला हातानं गप्प करून तिला विचारलं, "जेवणाशिवाय काही खातेस का? खडू, राख, माती?"

तेजू लाजली. अगदी पहिल्या दिवशी लाजली होती तशीच. म्हणाली, "माती खाते. थोडीशीच. चुलीची. बाबा काढून देतात रोज."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मी म्हणालो, "भाजलेली असते, डॉक्टर. शुद्ध असते." आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला माझाच हात दिसला. चमच्यानं साय काढणारा. चुलीच्या कडेवर झटकणारा. दोन वर्षं, दर रविवारी, त्याच कडेवर.

पुढे कोण काय बोललं मला ठाऊक नाही. अल्पेश उठून खिडकीशी गेला. तेजू माझ्याकडे बघून विचारत होती, "काय झालं बाबा? बाबा?"

मंगळवार, १६ डिसेंबर

चूल फोडली. पहार उजव्या हातात राहीना, डाव्यानं मारली. कड फुटली आणि उन्हात आतून चकाकली. मोहरीएवढे, राजगिऱ्याएवढे मणी. थरावर थर. प्रत्येक सारवणाखाली एक थर. मी एक मणी कागदावर ओढला. तीच करडी रेघ आली. कशाला ओढला कोण जाणे, खात्री कसली करत होतो मी?

वसुंधरा दारात उभी होती. म्हणाली, "वर पडलेलं मी दर शनवारी आत लिंपलं. वाया नको म्हनून." एवढंच. मी तिला म्हणालो, तुझा काय दोष, तू शिसं ओतायला बसली होतीस का? ती आत गेली. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी एवढंच बोललीय.

अरे, कडेवर साय झटकत होतो तेव्हा कळलं नाही, जस्त उडालं तेव्हा कळलं नाही, कथील रडतंय हे मात्र मला बरोबर ऐकू आलं! मूर्ख! पारखी म्हणे!

गुरुवार, १८ डिसेंबर

तेजूला अल्पेश घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या घरात तिला आता एक दिवस ठेवू नका. पहिलं बाळंतपण सासरी. गावात काय सांगायचं ते वसुंधरा बघेल.

अल्पेश वाईट एक शब्द बोलला नाही. वाट्टेल ते बोलला असता तर बरं झालं असतं. रिक्षा दारात आली. बॅग मी उचलणार होतो, त्यानं पटकन पुढे होऊन उचलली.

तेजू मला बाजूला घेऊन गेली. मला वाटलं, आता बोलेल. तर तिनं पदराआडून चिवड्याची छोटी डबी काढली. आत खडे. लाल गेरू लागलेले. कधी जमवले होते कोण जाणे, मी दिलेल्यातलेच. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, हे तुम्ही घ्या. मला सगळं कळलंय हो, पण जीभ मागते. काल यांनी समजावलं तेव्हा पण मागत होती. माझ्या हातानं टाकवत नाही."

मी डबी घेतली. रिक्षा वळेपर्यंत तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. डबीवर होती.

रविवार, ११ जानेवारी २००४

परेश आला होता. कथलाच्या जिगना मागणी आहे, पुण्याचे लोक विचारतात म्हणाला. साचा त्याला देऊन टाकला. "काका, असं का?" मी काही सांगितलं नाही. सुझाननं नंतर सांगितलं असणार, कारण जाताना तो कुंपणाशी बराच वेळ उभा होता.

तेजूचं शिसं उतरतंय म्हणे, हळूहळू. वसुंधरा विरारला राहायला गेलीय. मी चहा-भात करून घेतो. सुझान रोज माझ्या रक्ताचं टुमणं लावते. उद्या बघू म्हणतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मुलगा झाला. परवा. लहानखुरा आहे, पण रडतो मोठ्यानं. सगळे म्हणाले, आवाज चांगला आहे. मला तो जिथं तिथं ऐकू येत होता, कॉरिडॉरमध्ये, जिन्यात, खाली चहाच्या टपरीवर.

नाळेचं रक्त तातडीनं तपासून घेतलं. त्यातही शिसं आहे. आईपेक्षा कमी, पण आहे. मी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, म्हणजे नेमकं काय होईल त्याला?

"काहीही होणार नाही, असंही असू शकतं," त्या म्हणाल्या. "दूध व्यवस्थित, लोह, कॅल्शियम, तपासण्या. आज त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही."

"मग कधी सांगता येईल?"

"बोलायला लागेल. शाळेत जाईल. तेव्हा हळूहळू."

तेव्हा! म्हणजे तोवर रोज त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. आई म्हणाला का. बाबा म्हणाला का.

खोलीत गेलो. मी कोपऱ्यात उभा होतो. अल्पेशनं खुर्ची पुढे केली, तेजू म्हणाली, "बाबा, घ्या ना त्याला." मी हात धुतले, सुझाननं दिलेला साबण लावून. मग बसलो. तिनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. हातात काही मावतच नाही एवढासा जीव. कानावर लव. डोळे उघडले, मिटले.

दुपट्याची कड सारखी करताना माझं बोट त्याच्या गालाला लागलं. त्यानं लगेच तोंड वळवलं. आ करून, आंधळ्यासारखं शोधत, माझं बोट तोंडात घ्यायला आला.

मी हात असा ओढला की पोर दचकलं, ताठ झालं आणि किंचाळून रडायला लागलं. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सांगायचं होतं, अरे, धुतलेत मी हात, आत्ता धुतलेत. तेजूनं वाकून त्याला माझ्या मांडीवरून उचललं.